काठमांडूचा माहितीवर्ग आणि लांबलेली चौतारा-फेरी

मंगळवार, ललितपूर

२०२५च्या मार्चअखेरीस आशियातील मदतसंस्थांच्या एका जाळ्याने काठमांडू खोऱ्यात माहिती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण ठेवले होते आणि पुण्यातील आमच्या लहानशा संस्थेतर्फे मी त्याला गेले. आपत्तीनंतर कोणत्या गावात किती कुटुंबे उघड्यावर आहेत, तिथे कोण पोहोचले, काय पोहोचले आणि काय राहिले, हे गोळा करून पडताळायचे आणि निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर द्यायचे, असे या कामाचे साधे स्वरूप आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीकडे राबलेल्या माणसाला त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. तेव्हा एकाच गावाच्या तीन याद्या तीन वाटांनी येत आणि तिन्हींतली कुटुंबसंख्या वेगवेगळी असे. परिणामी एका गल्लीत चटया दोनदा पोहोचत आणि मळ्यातल्या वस्तीवर एकदाही पोहोचत नसत.

दिल्लीमार्गे दुपारी उतरले, पण विमानातून एकही शिखर दिसले नाही. तराईपासून खोऱ्यापर्यंत वणव्यांचा धूर भरून राहिला होता आणि गाडीत बसेपर्यंत घसा खवखवू लागला. या दिवसांत जाणाऱ्यांनी चांगला मास्क जवळ ठेवावा आणि हिमालय दिसेल अशी आशा घरीच ठेवावी. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे; आधारवर विसंबू नये. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे. भारतीय रुपयाला नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर ठरलेला असल्यामुळे हिशेब सोपा जातो आणि शंभराच्या भारतीय नोटा बहुतेक दुकानांत चालतात.

रात्री पाटणमधल्या एका थकाली खानावळीत सगळे जमलो. नेपाळच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतले स्वयंसेवक, बांगलादेश आणि श्रीलंकेचे काही जण आणि फिलिपिन्सहून आलेल्या आमच्या मुख्य प्रशिक्षक अशी मंडळी होती. काशाच्या ताटात भात, काळ्या उडदाची डाळ, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी आणि मुळ्याचे लोणचे होते; वाढणारा मुलगा ताट रिकामे होऊ देत नव्हता. प्रशिक्षकबाई २०१३च्या हैयान वादळात ताक्लोबानला होत्या. पहिल्या आठवड्यात मदत देणाऱ्या संस्थांपेक्षा नकाशे पाठवणाऱ्यांचे ईमेल जास्त आले आणि त्यांतला एकही कागदावर छापता येईल अशा आकाराचा नव्हता, असे त्या हसत सांगत होत्या.

बुधवार, संगणक बंद

पहिला दिवस संगणक न उघडता गेला. प्रत्येक गटाला सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एकाच भागाच्या तीन जुन्या याद्या कागदावर दिल्या होत्या आणि त्यांची एक यादी करायची होती. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक एकट्या सिंधुपाल्चोकातली होती. त्या वेळच्या सगळ्या नोंदी गाव विकास समित्यांनुसार, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘गाविस’नुसार, ठेवलेल्या होत्या. देशात अशा तीन हजारांहून अधिक गाविस होत्या. २०१७ साली नव्या राज्यघटनेनुसार त्या गेल्या आणि देशभरात ७५३ स्थानिक पालिका आल्या. जिल्हेही ७५चे ७७ झाले. एखादी जुनी गाविस नव्या पालिकेचा एक वॉर्ड झाली, दुसरी दोन वॉर्डांत विभागली गेली. पुनर्बांधणी ऐन जोरात असतानाच नोंदींच्या पायाखालचा नकाशा बदलला होता.

यावर जाळ्यातल्या संस्थांनी मान्य केलेला तोडगा म्हणजे पी-कोड. प्रत्येक जिल्ह्याला आणि पालिकेला एक ठरावीक क्रमांक असतो आणि नाव कसेही लिहिले तरी क्रमांक बदलत नाही. सिंधुपाल्चोक रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेले आम्हाला त्या कागदांवरच सापडले.

देवनागरीत लिहिले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. नेपाळमध्ये अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे ‘प्रीति’ नावाचा जुना फॉन्ट वापरला गेला. त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. अशी फाईल युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाण पद्धतीच्या, तक्त्यात ओतली की गावांच्या नावांचा कचरा होतो. श्रीलिपीतल्या जुन्या फायली उघडून डोके धरून बसलेल्या महाराष्ट्रातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. चितवनच्या एका स्वयंसेवकाने नावे प्रीतिमधून युनिकोडमध्ये आणण्याची पद्धत दाखवली. रूपांतरानंतर जोडाक्षरांची नावे डोळ्यांनी तपासावीच लागतात, यावर तो ठाम होता आणि ते बरोबरच आहे.

तारखांचे दुखणे आणखी मजेदार निघाले. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. तिथले महिने सौर असल्यामुळे काही महिने ३२ दिवसांचेही असतात. ३२ आषाढ ही तारीख संगणकातला तक्ता तारीख म्हणून स्वीकारतच नाही. तो तिचा मजकूर करतो आणि मग क्रम लावताना ती भलतीकडे जाते. मी गेले तेव्हा आपल्याकडे फाल्गुन सरायचा होता, शके १९४६ चालू होते. तिथे २०८१ सालचा चैत्र निम्म्यावर आला होता. अर्जात ‘चैत्र’ एवढेच लिहिले तर कोणाचा चैत्र, असा प्रश्न मराठी माणसालाच आधी पडेल. सोपा उपाय असा ठरला की दोन रकाने ठेवायचे, एकात लोक सांगतात ती तारीख जशीच्या तशी आणि दुसऱ्यात रूपांतरित इसवी तारीख. मूळ नोंद कधीही पुसायची नाही.

सर्वांत जास्त वाद मात्र कुटुंब कशाला म्हणायचे यावर झाला. भूकंपानंतर सरकारने घरबांधणीसाठी पात्र कुटुंबाला तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये दिले. एका छपराखाली दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर अनुदान एक की दोन? पाहणी करणाऱ्याने घरे मोजली असतील तर एक, चुली मोजल्या असतील तर दोन. अशा प्रश्नांतून तक्रारींचे, तिथल्या शब्दांत ‘गुनासो’चे, ढीग साठले. एका मदतसंस्थेच्या सिंधुपाल्चोक जिल्हा शाखेत माहितीचे काम पाहणारा एक तरुण आमच्या गटात होता. मोजणीआधी एका ओळीत व्याख्या लिहून ती प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर छापावी, एवढीच त्याची मागणी होती. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे शिक्षण तेच होते आणि ते प्रशिक्षकाकडून नव्हे, जिल्ह्याकडून आले.

गुरुवार, प्रश्न कमी करण्याचा दिवस

शुक्रवारच्या पाहणीसाठी फॉर्म करायचा होता. पावसाळ्याआधी वॉर्डावॉर्डातून कोणाला हलवावे लागेल, वृद्ध, अपंग, गरोदर माणसे कोणत्या टोलात, म्हणजे वस्तीत, आहेत आणि दरड आली तर जवळची सुरक्षित जागा कोणती, याची यादी जिल्हा शाखेला खरोखर हवी होती. सरावासाठी खोटा विषय घेतलेला नव्हता. आम्ही कोबो टूलबॉक्स वापरले. हे साधन हार्वर्डमधल्या संशोधकांनी सुरू केले, मदतसंस्थांना ते मोफत मिळते आणि फोनवर नेटवर्क नसतानाही चालते.

पहिल्या मसुद्यात पन्नासच्या आसपास प्रश्न झाले. प्रशिक्षकबाईंनी प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहायला लावल्या: हे उत्तर कोण वाचणार आणि वाचून काय वेगळे करणार. शिक्षण, उत्पन्न, घराची कौले असे प्रश्न गळाले. जातीचा प्रश्न काढावा की ठेवावा यावर अर्धा तास गेला. तो नसेल तर दलित टोल यादीतून सुटल्याचे कळणारच नाही, हे एका नेपाळी स्वयंसेविकेने पटवून दिले आणि तो राहिला. शेवटी फॉर्म एका पानावर बसला.

दुपारी माहितीच्या सुरक्षिततेचा तास होता. जानेवारी २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि युद्धात किंवा आपत्तीत ताटातूट झालेल्या व त्यांच्यासारख्या इतर ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्या हाती गेली. ती रेड क्रॉस चळवळीतल्या किमान ६० राष्ट्रीय सोसायट्यांनी गोळा केलेली होती. आपण नाव, फोन, अक्षांश-रेखांश सहज विचारतो, पण न घेतलेली माहिती कोणी चोरू शकत नाही. आमच्या फॉर्ममधून फोन क्रमांक गेला आणि त्याऐवजी वॉर्ड कार्यालयाच्या वहीतला अनुक्रमांक आला.

संध्याकाळी पाटणचा दरबार चौक पाहिला. २०१५मध्ये तिथली चारनारायण आणि हरिशंकर ही मंदिरे कोसळली होती. ढिगाऱ्यातून निघालेले कोरीव खांब आणि तुळया जपून ठेवल्या गेल्या आणि त्यांतले बरेच पुन्हा बसवून मंदिरे उभी राहिली. चौकाच्या मागच्या गल्लीत मुगाचा बारा आणि चतांमरी खाल्ली. बारा आपल्या वड्याच्या जवळचा, चतांमरी तांदळाच्या धिरड्याच्या. सोबतच्या श्रीलंकेच्या बाईंनी तिला थेट आप्प्याच्या पंक्तीत बसवले.

शुक्रवार, चौतारा

पहाटे निघालो. अर्निको महामार्गाने धुलिखेल, तिथे चहा आणि सेलरोटी, मग उतरून दोलालघाट, जिथे इंद्रावती आणि सुनकोशी मिळतात. पुलापाशी तळलेल्या माशांच्या टपऱ्या ओळीने आहेत आणि सोबत चिउरा, म्हणजे आपले पोहे, व तिखट चटणी मिळते. सकाळी आठला मासे खायला काही जण कचरले. मी कचरले नाही. पुढे वळणावळणांचा चढ आणि डोंगरकड्यावर लांबट पसरलेले चौतारा. उतारावर लालीगुराँस फुलले होते, पण समोरचा जुगल हिमाल धुराने पुसलेला होता. अर्निको मार्गावर ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा आदल्या रात्रीच मागून ठेवावी. सकाळी लाज वाटून कोणी मागत नाही.

चौतारा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. २०१५मध्ये इथले रुग्णालय निकामी झाल्यावर रेड क्रॉसने तंबूत रुग्णालय चालवले होते आणि जिल्ह्यातल्या मदतसंस्थांचे समन्वयकेंद्रही इथेच होते. जिल्हा शाखेतल्या त्या तरुणाने आम्हाला जोड्यांत विभागले. प्रत्येक जोडीत एक स्थानिक स्वयंसेवक होता आणि विचारायचे त्यानेच; बाहेरच्यांनी फोन धरून ऐकायचे.

आमच्यासोबतची मुलगी नर्सिंग शिकत होती. तिने घरांच्या क्रमाने जाण्याऐवजी पाण्याच्या धाऱ्यापासून सुरुवात केली, कारण सकाळी सगळे टोल तिथे येतात. तिथेच कळले की ‘डाँडागाउँ’ नावाचे टोल आसपास एकाहून जास्त आहेत. पी-कोड तिथवर पोहोचत नाही, तो वरच्या पायरीवर थांबतो. टोलांची यादी कोणत्याही जागतिक साठ्यात मिळत नाही. ती वॉर्डातल्या माणसालाच करावी लागते.

चौथ्या की पाचव्या घरी ओसरीवर एक वृद्ध आमा मका सोलत होत्या. मुलीने नमस्कार करून फॉर्म काढताच त्या म्हणाल्या, “फेरि सोध्न आउनुभयो?” पुन्हा विचारायला आलात का, या प्रश्नात राग नव्हता. आत जाऊन त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली. तीत भूकंपपीडित म्हणून मिळालेले ओळखपत्र, बँकेचे कागद आणि निरनिराळ्या पाहण्यांच्या पावत्या होत्या. घर झाले, हप्ते मिळाले, पण त्यानंतरही दर वर्षी कोणी ना कोणी येऊन विचारून जाते आणि काय झाले ते कळवत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आमच्या मागून आलेल्या जिल्ह्याच्या तरुणाने, “आमा, वैशाखात यादी वॉर्डात लागेल, तुमचे नाव चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करू,” असे सांगितले. यावर आमांनी उत्तरे दिली, शिवाय खालच्या अंगाला राहणाऱ्या एका लकवा झालेल्या माणसाचे घरही दाखवले. ते घर आमच्या कागदावर नव्हते.

दुपारच्या जेवणाच्या वेळी फोन वाजू लागले. म्यानमारमध्ये सगाईंगजवळ मोठा भूकंप झाला होता, तीव्रता ७.७. चौताऱ्यात आम्हाला काहीही जाणवले नव्हते. बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळल्याचे चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. मंडालेहून मात्र जवळजवळ काहीच येत नव्हते. ज्या लोकांनी २०१५ इथेच भोगला होता त्यांच्या पंक्तीत बसून ती बातमी ऐकणे जड होते. मंडाले म्हटल्यावर मला टिळकांचा तुरुंगवास आठवला, तसे सांगितल्यावर शेजारच्या नेपाळी गृहस्थांनी आपल्या चुलत आजोबांची पलटण तिकडे लढल्याचे सांगितले.

परतताना दोलालघाटला दुसरी बातमी मिळाली. काठमांडूत तीनकुने भागात राजसत्तावाद्यांच्या निदर्शनांना हिंसक वळण लागले होते, दोन माणसे गेली होती, त्यांत एक वार्ताहर होता, आणि तीनकुने, कोटेश्वर, विमानतळ या परिसरात संचारबंदी लागली होती. अर्निको महामार्ग नेमका तिथूनच शहरात शिरतो. चालकाने विचारविनिमय न करता धुलिखेललाच गाडी थांबवली आणि त्याच्या ओळखीच्या लॉजमध्ये आमची सोय लावली. अशा वेळी स्थानिक चालकाचे ऐकावे. रात्री संचारबंदी सकाळपर्यंत वाढवल्याचे कळले तेव्हा आम्ही गरम ढिंडो खात होतो.

शनिवार, धुलिखेल

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता, पण वर्ग उरला नव्हता, काम होते. जाळ्यातल्या लोकांनी म्यानमारसाठी दूरस्थ मदत मागितली होती आणि प्रशिक्षकबाईंनी लॉजच्या जेवणघरातच आमची वाटणी केली. एका गटाने मानवतावादी माहितीच्या खुल्या साठ्यातून म्यानमारचे पी-कोड आणि सीमांचे नकाशे उतरवून घेतले. म्यानमारची माहिती व्यवस्थापन शाखा ते बऱ्याच वर्षांपासून सांभाळते, म्हणूनच ते पहिल्या दिवशी हाताशी होते. ओपनस्ट्रीटमॅपवर उपग्रहचित्रांवरून इमारती आणि रस्ते रेखाटण्याचे काम जगभरातल्या स्वयंसेवकांनी हाती घेतले होते.

आमच्या गटाकडे बातम्यांतले उल्लेख ठिकाणांशी जुळवण्याचे काम आले. मंडाले हे शहर आहे आणि प्रदेशही, सगाईंगचेही तसेच. “मंडालेत रुग्णालयाचे नुकसान” या ओळीतून शहर की त्याच प्रदेशातले दूरचे मेइत्तिला हे ठरत नाही. ब्रह्मी लिपीतही ‘झॉजी’ या जुन्या पद्धतीने लिहिलेले मजकूर आणि युनिकोड यांची सरमिसळ आहे. बुधवारी प्रीतिवर घाम गाळलेला चितवनचा स्वयंसेवक ते पाहून मनापासून हसला आणि सर्वांआधी कामाला लागला. प्रत्येक नोंदीपुढे आम्ही स्रोत, वेळ आणि खात्री किती हे लिहिले. जिथे ठिकाण ठरले नाही तिथे प्रदेशाचाच क्रमांक टाकला आणि शहर कोरे सोडले. कोरी चौकट भरण्याचा मोह होतो. तो आवरणे हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अवघड कौशल्य आहे, असे माझे मत झाले आहे.

रुग्णालयांची यादी खुली ठेवायची की नाही, यावर बाईंनी थोडक्यात निर्णय दिला. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर त्या देशात युद्ध चालू आहे आणि हवाई हल्ले भूकंपानंतरही थांबलेले नव्हते. त्यामुळे दवाखान्यांची नेमकी ठिकाणे फक्त समन्वयकांकडे गेली. गुरुवारचा तास कशासाठी होता, हे कोणालाही पुन्हा सांगावे लागले नाही.

दुपारनंतर रस्ता मोकळा असल्याची खात्री करून निघालो. भक्तपूरला थांबून मातीच्या भांड्यातले जुजू धौ खाल्ले. दाट, किंचित गोड आणि वर सायीचा थर. त्या दिवशी घोडेजात्रा असल्यामुळे शहरात सुट्टी होती, पण कोटेश्वरच्या पुढे जळलेल्या गाड्या आणि सैनिक दिसत होते आणि गाडीत कोणी बोलले नाही.

रविवार, परत

गुढीपाडव्याचा दिवस विमानतळावर गेला. निघण्याआधी नाश्त्याला जिल्ह्याच्या तरुणाशी बसून चौताऱ्याच्या नोंदी पाहिल्या. दोन जोड्यांनी एकच घर नोंदवले होते, लकवा झालेल्या माणसाचे घर आता यादीत आले होते आणि तीन टोलांची नावे त्याने धाऱ्यावरच्या बायकांना फोन करून पक्की केली होती. त्याला रंगीत आलेख नको होते. वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लागेल असा एक कागद, मोठ्या अक्षरांत, युनिकोड देवनागरीत, टोलनिहाय आणि नावांऐवजी वहीतल्या अनुक्रमांकांसह, एवढेच त्याने मागितले आणि तेवढेच आम्ही केले.

अशा प्रशिक्षणाला माणूस पाठवणाऱ्या संस्थांना एक सुचवावेसे वाटते. संगणकात तरबेज माणूस पाठवण्याऐवजी जो पाच वर्षांनीही त्याच तालुक्यात असेल तो पाठवा आणि शक्य असेल तर दोघे पाठवा, कारण एकाची बदली ठरलेली असते. जाणाऱ्याने स्वतःच्या भागाची गावयादी क्रमांकांसह बरोबर न्यावी, फॉर्म आणि नकाशे निघण्यापूर्वीच फोनवर उतरवून घ्यावेत आणि पॉवर बँक विसरू नये. विमानतळावर सिमकार्ड घेताना पासपोर्टची प्रत आणि फोटो मागतात.

म्यानमारच्या कामाची पुढची पाळी मनिलातल्या गटाने घेतली होती. माझ्या वाट्याला सोमवारी रात्रीची पाळी आली. मंडालेच्या नोंदींपैकी जिथे शहर कोरे सोडले होते त्या ओळी तोवर लाल रंगाने वेगळ्या काढलेल्या असतील आणि त्यांच्यापासून सुरुवात करायची, असे ठरवून मी दिल्लीच्या विमानात बसले.